अख्खा टीओसी (थिअरी ऑफ कम्प्युटेशन) ऑप्शनला टाकावा का, म्हणजे सोडूनच द्यावा का? (सबमिशनचा शेवटचा आठवडा)

निळी_शाई | मंगळवार, रात्री १.५२

दहा मिनिटं पेन खाली ठेवलंय, तेवढ्यात लिहून घेते. टीई (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) कॉम्प्युटर, पाचवं सेमिस्टर, पुणे विद्यापीठ, २०१९ पॅटर्न (अभ्यासक्रम). कॉलेज कुठलं ते विचारू नका.

शुक्रवारी सबमिशन बंद. या घटकेला डीबीएमएसचे (डेटाबेस) सहा, सीएनएसचे (नेटवर्क आणि सुरक्षा) सात आणि एलपी-वनचे (लॅब प्रॅक्टिस) आठ असे एकवीस राइट-अप, म्हणजे प्रॅक्टिकलची टिपणं, बाकी आहेत. हाताने लिहायचेत, कोडची फक्त प्रिंट चालते. सेमिनारचा रिपोर्ट गाइडनी दोनदा परत पाठवला, एकदा समासासाठी आणि एकदा फॉन्टसाठी. आत काय लिहिलंय त्याबद्दल अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही. सोमवारपासून ओरल, त्यानंतर बारा दिवसांनी थिअरी.

ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, तीन आठवडे गावी करमाळ्याकडे होते. अटेंडन्स ६८ टक्के, म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. मेडिकल दिलंय, ते कुठल्या टेबलावर आहे देव जाणे.

काल रात्री एलपी-वनमधला पेज रिप्लेसमेंटचा (मेमरीतली पानं बदलण्याच्या पद्धतींचा) राइट-अप लिहून संपवला. मथळ्यांखाली रेघा मारून, अगदी नीट. फाइलला लावायला गेले तर तिथे पेज रिप्लेसमेंट आधीच लावलेला. माझ्याच अक्षरात, रविवारची तारीख. लिहिल्याचं आठवतच नव्हतं. आधी हसू आलं, मग पाऊण तास रडत बसले. रूममेट उठतील म्हणून बाथरूममध्ये.

तर प्रश्न असा. टीओसीला इन-सेमला (सत्राच्या मधल्या परीक्षेला) ३० पैकी ११ आहेत. मैत्रीण म्हणते हा विषय सरळ ऑप्शनला टाक, बाकीचे चार नीट कर, उन्हाळ्यात बॅक (राहिलेला विषय) काढ. पटतंय पण भीती वाटते. कोणी असं केलंय का?

घरी काही सांगितलेलं नाही. मुलींची फी माफ झाल्यापासून बाबांना वाटतं, आता पोरीला कसलं टेन्शन. शिक्षण शुल्क माफ आहे हो, पण कॉट, डबा आणि झेरॉक्स माफ नाही. तो डबाही आठवडाभर अर्धा तसाच परत जातोय.

टेकडीवरचा | रात्री २.०४

आधी झोप. हा धागा सकाळी पण इथेच असेल.

केटीसम्राट | रात्री २.२०

मुंबईकर आहे, आमच्याकडे बॅकला केटी म्हणतात आणि त्या विषयात माझा अधिकार मोठा. एकूण पाच. त्यातली एक मी तुझ्यासारखीच ठरवून, हिशेब करून घेतली होती. हिशेबात एकच गोष्ट धरली नव्हती, की पुढच्या सेमला पुढच्या सेमचेही विषय असतात. मे महिन्यात पाच नवे अधिक एक जुना. त्या जुन्याची लेक्चरं नाहीत, बरोबर अभ्यास करायला कोणी नाही आणि नोट्स ज्याला दिल्या त्याने त्या हरवलेल्या. शेवटी तो विषय मी तीनदा दिला.

दुसरं म्हणजे कंपन्या. फायनल इयरला फॉर्म भरताना ‘लाइव्ह बॅकलॉग किती’ हा रकाना असतोच. बऱ्याच ठिकाणी शून्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत. निघालेली केटी एक वेळ खपते, चालू केटी खपत नाही.

ऑप्शनला टाकायचं तर युनिट टाक. विषय नाही.

सेट_स्क्वेअर | सकाळी ६.४१

मेकॅनिकल, १९८६ चा पासआउट. तुमची राइट-अपची तक्रार वाचून गंमत वाटली. आमच्या वेळी जीटी होती. नवीन लोकांना माहीत नसेल, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांमध्ये जाड काच आडवी टाकायची, खाली टेबललॅम्प, काचेवर दुसऱ्याचं शीट, त्यावर आपलं कोरं शीट. उजेडात रेघा दिसतात, त्या गिरवायच्या. होस्टेलवर एकच काच होती, तिच्यासाठी रात्रीचे नंबर लागायचे, आणि माझा नंबर कायम पहाटे तीनचा. एकदा लॅम्पच्या उष्णतेनं ती काच तडकली, तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्याची शीटं अपूर्ण! सरांना कारण कळलं होतं, त्यांनी मुदत वाढवून दिली. बहुधा त्यांनीही कधीतरी काचेवरच शीटं काढली असावीत.

सांगायचं एवढंच, की जीटी केलेलं एकही शीट मला कधी समजलं नाही. स्वतः चुकत काढलेलं गिअरचं एक शीट मात्र आजही डोळे मिटून काढू शकतो.

स्पष्टवक्ता_नगरचा | सकाळी ८.१५

चार महिने मोबाइलवर रील बघायचे आणि शेवटच्या आठवड्यात रडायचं. रोजचा राइट-अप रोज लिहिला असता तर ही वेळ आली नसती. कटू आहे पण सत्य आहे.

टेकडीवरचा | सकाळी ८.२२

साहेब, पोरीला डेंग्यू झाला होता असं वर स्पष्ट लिहिलंय. आधी पूर्ण वाचा, मग स्पष्ट बोला.

पाटी_पेन्सिल | सकाळी ११.३०

मी टेबलाच्या पलीकडची. अभियांत्रिकीत शिकवते, अकरावं वर्ष चालू आहे.

माझ्याकडे वीस मुलांच्या चार बॅच आहेत आणि प्रत्येकाचे बारा राइट-अप. गुणाकार करा, ९६० सह्या होतात. त्यातल्या निम्म्या शेवटच्या तीन दिवसांत, कारण सगळे तेव्हाच येतात. मी ते वाचते का? नाही. मथळा बघते, तारीख बघते, आउटपुटची प्रिंट लावलीय का बघते. कॉलेजलाही ती फाइल पुढच्या तपासणीत दाखवायला लागते, म्हणून ती जाडजूड हवी असते. २०१७ साली मी एक लॅब मॅन्युअल टाइप केलं होतं, त्यात ‘थ्रॅशिंग’चं स्पेलिंग चुकलं होतं. ती चूक दर वर्षी मला परत भेटते. यंदा तर काही मुलांनी चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं आणि मग जुन्या पीडीएफशी ‘मॅच’ व्हावं म्हणून चूक मुद्दाम घातली. काय बोलावं?

आता कामाचं. उतरवताना आपण अभ्यास करतोय असं वाटतं, तीच फसवणूक आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक साधा प्रयोग केला होता. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. तुमची थिअरी त्याहूनही लांब आहे.

म्हणून राइट-अप हे हमालीचं काम समजून कमीत कमी वेळात उरका. त्यात सुवाच्य अक्षर आणि रंगीत पेनं नकोत. प्रत्येक राइट-अपच्या शेवटी वही मिटून तीन ओळी मनानं लिहा, की या प्रोग्रॅमनं काय केलं. ओरलला त्या तीन ओळीच उपयोगी पडतात.

आणि मेडिकलचं: एक लेखी अर्ज करा, त्यावर दवाखान्याच्या तारखा आणि बुडालेल्या प्रॅक्टिकलची यादी घाला, क्लास कोऑर्डिनेटरकडे द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची. गर्दीच्या वेळी स्टाफरूममध्ये ‘सर, माझं मेडिकल’ म्हणणाऱ्या चाळीस जणांत तुम्ही एकेचाळिसाव्या असता. दुपारी साडेतीननंतर जा, तेव्हा आम्हीही माणसात असतो.

निळी_शाई | दुपारी ४.०५

मॅडम, साडेतीनला गेले आणि पोच मिळाली! कोऑर्डिनेटर सर म्हणाले, बुडालेल्या तीन प्रॅक्टिकलऐवजी एक जादा असाइनमेंट दे आणि अंडरटेकिंग भर. म्हणजे एकवीसचे बावीस झाले, पण लिस्टमधून नाव निघेल.

स्पष्टवक्ता, रोजचा रोज लिहायला हवा होता हे मान्य. रील बघते हेही मान्य. रात्री अडीचला दुसरं काही डोक्यात शिरत नाही.

थ्रॅशिंगचं स्पेलिंग माझ्या फाइलमध्ये बघितलं. चुकीचंच आहे. दोन्ही प्रतींमध्ये.

तिघींची_आई | दुपारी ४.४०

बाळा, सल्ला नको असेल तर सोडून दे, पण घरी फोन कर. मार्कांचं सांगू नकोस, नुसतं ‘जेवण जात नाहीये’ एवढं सांग. माझी मधली नांदेडला होती. तिने सगळं लपवलं आणि आम्हाला ते तिच्या रूममेटच्या आईकडून कळलं. मार्कांचं दुःख दोन दिवसांत गेलं, दुसऱ्याकडून कळल्याचं अजून आहे.

पंपिंग_लेमा | संध्याकाळी ७.१८

बीई कॉम्प्युटर. गेल्या वर्षी याच विषयात इन-सेमला १३ होते, निघाला. माझं नाव टीओसीतल्या एका प्रमेयाचं आहे, त्यानेच छळलं होतं.

भावना बाजूला ठेवून आकडे मांडू. एकूण शंभरात पास व्हायला ४० धर. ११ हातात आहेत, म्हणजे एंड-सेमला ७० पैकी २९ हवेत. पेपर येतो युनिट तीन ते सहावर, म्हणजे एक-दोनचं ओझं संपलेलं आहे. प्रश्न १ किंवा २, ३ किंवा ४, ५ किंवा ६, ७ किंवा ८ अशा जोड्या असतात. प्रत्येक जोडी एका युनिटची, सतरा-अठरा मार्कांची. म्हणजे एक युनिट सोडलंस की तेवढे गेले, ‘किंवा’ तुला दुसऱ्या युनिटमध्ये नेत नाही. दोनच युनिट केलीस तर जास्तीत जास्त ३६ मार्कांचा पेपर लिहिशील आणि त्यातले २९ काढायचे, ते तुझ्या-माझ्या बसची गोष्ट नाही. तीन केलीस तर ५२-५३ मार्कांचा लिहिशील, त्यातले २९ म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. हे जमतं.

कुठली तीन? तीन, चार, पाच.

युनिट तीन म्हणजे ग्रामर. सीएफजी (कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामर) दिलं की सीएनएफमध्ये (चॉम्स्की नॉर्मल फॉर्म) बदला, हा प्रश्न ठरलेल्या पायऱ्यांचा आहे: एप्सिलॉन काढ, युनिट प्रॉडक्शन काढ, निरुपयोगी चिन्हं काढ, मग दोन-दोनमध्ये तोड. स्वयंपाकासारखं, क्रम चुकला नाही की बिघडत नाही. दहा गणितं कर, पुरे.

युनिट चार, पीडीए (पुशडाउन ऑटोमॅटन). इथे स्टॅक म्हणजे काय ते एकदा हातानं समजून घे. आपल्या डब्याचं उदाहरण घे. प्रत्येक ए आला की एक डबा वर ठेवायचा, प्रत्येक बी आला की वरचा एक उचलायचा, शेवटी चळत रिकामी झाली तर ए आणि बी सारखे. एवढं कळलं की अर्धं युनिट कळलं. सीएफजीवरून पीडीए करणं हे युनिट तीनचंच पुढचं पान, त्यामुळे ही दोन जोडीनंच कर.

युनिट पाच, ट्युरिंग मशीन, म्हणजे कागदावरचं काल्पनिक संगणकयंत्र. लोक याला घाबरतात आणि मार्क इथेच मिळतात, कारण मशीन पूर्ण बरोबर नसलं तरी लॉजिक मराठी माणसाला कळेल अशा साध्या इंग्रजीत आधी लिहिलंस तर त्याचे मार्क पडतात. आधी चार ओळींत लॉजिक, मग तक्ता, मग एक उदाहरण चालवून दाखव. ए-बी-सी सारख्या संख्येने, टूज कॉम्प्लिमेंट, पॅलिन्ड्रोम, ही तीन मशीनं स्वतः रचलीस की चौथं येतं.

सहा सोड. हॉल्टिंग प्रॉब्लेम आणि पी-एनपीवरच्या टिपा पेपरच्या आदल्या दिवशी दोन तास वाच, पाच-सहा मार्क पडले तर प्रसाद.

आता पेज रिप्लेसमेंट. दोनदा लिहिलायस, तर एक गोष्ट करूनच टाक. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही पानांची माळ फिफोने (जे आधी आलं ते आधी बाहेर) सोडव. आधी तीन फ्रेम (मेमरीतल्या जागा) घे, मग चार. तीनला ९ फॉल्ट (हवं ते पान मेमरीत नसणं) येतात, चारला १०. जागा वाढवली आणि फॉल्टही वाढले! याला बेलेडीज अनॉमली म्हणतात आणि एक्स्टर्नल लोकांना (बाहेरच्या परीक्षकांना) ते विचारायला फार आवडतं. पाच मिनिटांचं काम आहे.

रात्रपाळी | रात्री ९.५५

एमडीचं दुसरं वर्ष, त्यामुळे न झोपण्याबद्दल मला पुस्तकाबाहेरचीही माहिती आहे.

दोनदा लिहिलं आणि आठवलं नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. दिवसभरात जे शिकतो ते पक्कं होण्याचं काम बरंचसं झोपेत चालतं. झोप कापली की शिकलेलं दारातच उभं राहतं. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे रेंगाळू शकतो. तुमचा त्याहून जास्त लांबलाय आणि जेवणही जात नाहीये, म्हणून सबमिशन झाल्यावर एकदा हिमोग्लोबिन बघून घ्या. कॉफीतलं कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. बाराला घेतलेली कॉफी पाचलाही निम्मी जागीच असते. त्यामुळे संध्याकाळनंतर नको.

किमान सहा तास झोपा. बावीस राइट-अपपैकी दोन राहिले तर राहू द्या.

आणि बाथरूममधलं रडणं रोजचं झालं, किंवा ‘हे सगळंच नको’ असं वाटायला लागलं, तर १४४१६ लावा. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एकदा लावलाय, इंटर्नशिपमध्ये. आवाज ऐकूनच निम्मं हलकं वाटलं होतं.

ऱ्हाइनकाठी | रात्री ११.१२

जर्मनीत मास्टर्स करतोय. इथे राइट-अप नाहीत, सह्या नाहीत, बऱ्याचशा लेक्चरना हजेरीही नाही. ऐकायला स्वर्ग. पण बहुतेक विषयांत सगळा निकाल एका पेपरवर असतो आणि बऱ्याच विद्यापीठांत तीनदा नापास झालात की तो विषय कायमचा बंद. तो सक्तीचा असेल तर ती पदवीच संपली. पहिल्या सेमला मला कोणी ‘अरे, फाइल कुठाय?’ म्हणून ओरडायला नव्हतं आणि मी फेब्रुवारीपर्यंत काही केलं नाही. तेव्हा आमच्या लॅबमधल्या मॅडमची आठवण आली होती, चक्क प्रेमाने.

टर्म वर्कचे (फाइल आणि सबमिशनचे) मार्क हातचे आहेत, ते सोडू नकोस.

स्पष्टवक्ता_नगरचा | रात्री ११.४०

सकाळी घाईत लिहिलं. माझा मुलगा बारावीला आहे, त्याच्यावरचा राग इथे निघाला. तब्येत सांभाळ.

निळी_शाई | शनिवार, सकाळी १०.१५

सबमिशन झालं. बावीसपैकी बावीस!

बुधवारी रूममेटबरोबर वाटणी करणार होतो, ती माझे सीएनएस लिहील आणि मी तिचे डीबीएमएस. एक पान लिहून सोडून दिलं, तिचं अक्षर इतकं गोल आहे की आंधळ्यालाही कळलं असतं. मग एकीनं वाचायचं आणि तिघींनी लिहायचं असं केलं, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. पंधरा मिनिटांत एक व्हायला लागला.

काल झोपले ती अकरा तास. घरी फोनही केला. आईला जेवणाचं सांगितलं, तर तिनं काही न विचारता बाबांकडे फोन दिला. बाबा म्हणाले, किती विषय आहेत? पाच. एक राहिला तर चार झाले ना? मी म्हटलं हो. म्हणाले, मग उसाला पाणी कमी पडलं तरी आपण सगळाच ऊस मोडत नाही. हे टीओसी सोडायच्या बाजूनं होतं की विरुद्ध, ते मला अजून कळलेलं नाही.

केटीसम्राट | सकाळी १०.३१

विरुद्ध. नक्की विरुद्ध.

निळी_शाई | बुधवार, संध्याकाळी ६.५०

एलपी-वनची ओरल झाली. दुसरी प्रत फाइलमधून काढायची राहूनच गेली होती. एक्स्टर्नल सरांनी पानं उलटली, थांबले, मागे गेले, परत पुढे आले. म्हणाले, “दोनदा लिहिलंय म्हणजे दुप्पट येत असेल. फ्रेम वाढवल्या तर फॉल्ट कमीच होतात ना?” मी म्हटलं नेहमी नाही सर, आणि ती माळ बोर्डवर लिहायला घेतली. चारच्या तक्त्यात एक फॉल्ट मोजायला चुकले, ९ विरुद्ध ९ आले. ते गप्प. मी परत मोजले, १० आले. २५ पैकी किती दिले माहीत नाही. बाहेर आल्यावर पाय लटपटत होते.

लेमा दादा, डबा घेऊन येते, कुठे राहतोस?

पंपिंग_लेमा | रात्री ८.०२

डबा नको, पीडीए कर.

निळी_शाई | तीन आठवड्यांनी, दुपारी २.२६

एसटीत बसून लिहितेय. सगळे पेपर संपले. टीओसीत तीन, चार, पाच लिहिले. सीएनएफ पूर्ण आलं. पीडीए बहुतेक बरोबर. ट्युरिंग मशीनचं लॉजिक लिहिलं, तक्त्यात शेवटी गोंधळ झाला, एक स्टेट कुठेच जात नाही, लटकतेय. सहाव्या युनिटमध्ये हॉल्टिंग प्रॉब्लेमवर दीड पान भरलं. माझा हिशेब ३१ म्हणतो, मैत्रिणीचा २६. निकाल लागेपर्यंत दोन्ही खरे.

भिगवणला गाडी थांबली होती, कंडक्टरनी चहाला उठवलं. स्वारगेट सोडल्यापासूनचं काहीच आठवत नाही.

एसईची_पोर | दुपारी ४.११

ताई, पुढच्या वर्षी आम्हाला एलपी-वन आहे. तुझ्या फाइलचे फोटो मिळतील का, प्लीज?

निळी_शाई | दुपारी ४.१९

घरी पोहोचल्यावर टाकते. पेज रिप्लेसमेंट दोनदा दिसेल, एकदाच उतरव. आणि थ्रॅशिंगचं स्पेलिंग बघून घे.